स्पर्धेचे भय आणि अभय



कीर्तनाला उभे राहणे गुडघ्यांनी थांबवले आहे. पण सप्ताहाला अजून जाऊन बसतो, आणि बसलेला म्हातारा दिसला की लोक शंका घेऊन येतात. पूर्वी शंका ठरलेल्या असत. मुलीचे कुठे जमत नाही, बांधावरून भावकी तुटली, घरातला कर्ता बाटली सोडत नाही. अलीकडे आजोबा नातवंडांना पुढे करतात आणि म्हणतात, याला भीती वाटते. भीती भुताची नाही, अंधाराची नाही. परीक्षेची, निवडीची, स्पर्धेची.

असाच एक मुलगा. आमच्या फडातल्या जुन्या टाळकऱ्याचा नातू. पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो आणि मुळेच्या पाण्यात होडी वल्हवतो. त्या खेळाला रोइंग म्हणतात. वर्तमानपत्रात नौकानयन असे छापून येते. शर्यत आठवड्यावर आली की त्याची झोप उडते. पहाटे पोटात कालवते, उमासे येतात, बोटे गार पडतात, आणि शर्यतीआधीच्या तासाभरात चार वेळा लघवीला जावे लागते. आजोबांनी आपल्या परीने औषध दिले होते. "गळ्यात माळ आहे ना? मग भ्यायचे कशाला? फळ देवावर सोडून दे." त्यावर पोरगा म्हणाला, "सोडून पाहिले, आजोबा. सुटत नाही. आता सुटत नाही याचीच जास्त भीती वाटते."

माउली, प्रश्न त्या मुलाच्या या एका वाक्यात आहे. फलत्याग हे गीतेचे औषध खरे; त्याविषयी वाद नाही. पण ते रोग्याला दिल्यावर रोग दुणावत असेल, तर अनुपान तपासायला नको का? ज्याला आधीच जिंकायची एक धास्ती आहे, त्याला आपण 'न भिण्याची' दुसरी शर्यत लावून देतो, आणि तीत तो रोज हरतो.

आधी त्याचा खेळ समजून घेऊ. आपल्याला होडी म्हटली की चंद्रभागेतली कोळ्याची होडी आठवते, नाहीतर एकदम भवसागर. ही होडी पैलतीराला नेणारी नव्हे. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि अरुंद, आत मागेपुढे सरकणारी बैठक. कधी एकटा बसतो, कधी दोघे, चौघे, आठ जण. मोठ्या स्पर्धांत अंतर २००० मीटर, शेजारी शेजारी सहा होड्या. एकट्याच्या होडीला सात मिनिटांच्या आसपास लागतात, आठ जणांची सहाच्या आत येते. सुरुवातीला होडीचे टोक मागून धरून ठेवलेले असते. सावध करणारा शब्द येतो, लाल दिवा लागतो, आणि तो हिरवा होईपर्यंत सगळे श्वास धरून बसतात. पोरगा सांगत होता, सात मिनिटे सोसवतात, तो एक क्षण सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. वल्हवणाऱ्याची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. आपण वारीत चालतो ते तोंड पंढरीकडे करून. दुरून कळस दिसला की पायांतला थकवा जातो. याला कळस दिसतच नाही. त्याला दिसते ते मागे पडलेले पाणी. जो पुढे आहे त्याला सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात, आणि जो सगळ्यांच्या मागे पडला त्याच्यासमोर नुसते रिकामे पाणी असते. आठ जणांच्या होडीत सुकाणू धरणारा एक जण पुढे तोंड करून बसतो आणि मोठ्याने सांगत राहतो. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ओढायचे. श्रद्धा म्हणजे काय हे पोरांना शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आता शास्त्राकडे येऊ. आजोबांचा पूर्वपक्ष असा की भक्ताला भीती वाटता कामा नये. वाटली तर भक्ती कच्ची. हा पूर्वपक्ष टिकत नाही. गीतेचा पहिला अध्याय उघडा. तोंडाला कोरड, अंगाला कंप, रोमांच, त्वचेचा दाह, हातातून निसटणारे धनुष्य. त्या मुलाची लक्षणे आणि अर्जुनाची लक्षणे शेजारी ठेवली तर वैद्याला वेगळी ओळखता येणार नाहीत. (अर्जुनाचे कारण वेगळे होते, हे विसरू नये. त्याला हरण्याची भीती नव्हती. जिंकण्याची होती, आपल्याच माणसांना मारून.) पण देवाने त्या कंपाला पाप म्हटले का? कानउघाडणी केली ती त्याच्या विचाराची. आणि अध्यायाला परंपरेने नाव दिले ते विषादयोग. विषादालाही योगाच्या पंगतीत पान मांडले आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस काठावर अन्नपाण्यावाचून बसून राहिले, असे आपण सांगतो. त्यांच्या गाथेत तळमळ, शंका, धास्ती ठायी ठायी आहे. त्यांनी ती लपवली नाही. मग एकोणीस वर्षांच्या पोराने ती का लपवावी?

कीर्तनकाराचेही सांगतो. नारदाच्या गादीवर पाय ठेवण्यापूर्वी माझा घसा कोरडा पडत असे, तो शेवटच्या कीर्तनापर्यंत. पहिला अभंग लागला की ओल यायची. आमच्या पिढीत यावर कुणी बोलत नसे, पण पडद्यामागे पाण्याचा तांब्या प्रत्येकाचा रिकामा व्हायचा. शरीर मोठ्या कामाची तयारी करते तेव्हा असेच वागते. या अंगाच्या भीतीची लाज बाळगायचे कारण नाही, आणि ती घालवायच्या मागेही लागू नये.

भीतीचे दुसरे अंग मनाचे आहे, आणि ज्ञानोबारायांचा खरा विचार तिथे लागू होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना पहिला मान अभयाला दिला आहे. त्यावर माउलींनी जे दृष्टांत दिले, त्यांतले दोन पाण्याचे आहेत. पहिल्याचा भाव असा, की ज्याने महापुरात उडीच घातली नाही, त्याला बुडण्याची धास्ती कशी असेल? लगेच शंका येईल: मग काय पोराने होडीतून उतरावे? वल्हे काठावर ठेवून घरी यावे? नाही. माउली पुढेच खुलासा करतात, की कर्म करताना आणि न करताना अहंकाराला डोके वर काढू न देणे म्हणजे पुरात न उतरणे. मुळा नदी हा पूर नव्हे. 'माझे काय होईल, मला काय म्हणतील, मी कोण ठरेन' हा पूर. मुलगा होडीत बसायच्या आठवडाभर आधीच त्या पुरात उतरलेला असतो, खोलीत, अंथरुणावर, कोरड्या जमिनीवर.

दुसरा दृष्टांत मिठाचा. पाणी मिठाला बुडवायला येते, तेवढ्यात मीठच पाणी होऊन जाते. आता बुडवायचे कुणाला? हा अद्वैताचा फार उंच सिद्धांत आहे, आणि तो खेळाच्या मैदानात ओढणे काही विद्वानांना रुचणार नाही. पण दृष्टांत शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या अंगणात उतरावा म्हणूनच माउलींनी मराठीत बोलायचे ठरवले ना? आठ जणांच्या होडीत मीठ कसे विरघळते ते त्या मुलाने मला हातवारे करून दाखवले. आठही वल्ह्यांची पाती एका क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एका क्षणी बाहेर आली पाहिजेत. एखादा दांडगा मुलगा स्वतःची ताकद दाखवायला वेगळा ओढू लागला की होडी डुलते, वेग घटतो. सगळे एक झाले की होडीखालून पाण्याचा आवाज बदलतो, म्हणाला. आपण ओढतो आहोत की होडीच आपल्याला नेते आहे हे कळेनासे होते. दिंडीत पावली जमल्यावर काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

भीतीने नेमके काय बिघडते, तेही त्यानेच सांगितले. घाबरला की मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीत वल्हे वळत नाही, पाते पाण्यात तिरके अडकते, आणि वल्ह्याचा दांडा उलटा येऊन छातीवर आदळतो. इंग्रजीत त्याला क्रॅब म्हणतात, म्हणजे खेकडा; खेकड्याने नांगीत धरावे तसे पाणी वल्ह्याला धरते. मी त्याला टाळ हातात दिला आणि म्हटले, याची वाटी मुठीत दाबून धर आणि वाजव. खट्ट आवाज आला, नाद मेला. दोरी बोटांवर सैल ठेव आणि आता वाजव. तो टाळकऱ्याचाच नातू. पुढचे मला बोलावे लागले नाही. जपायचे आहे तेच सैल धरायचे. त्याचे प्रशिक्षकही त्याला रोज हेच सांगतात, बोटांची आकडी कर, मूठ करू नको.

इथपर्यंत पोराच्या बाजूचे झाले. आता माउली, जरा आपल्याकडे वळू, कारण मला मुख्य बोलायचे आहे ते वडीलधाऱ्यांशी.

'फळाचा विचार करू नकोस' हे वाक्य कोण बोलतो? ज्याने फळाची टोपली आधीच बाजारात बोली लावून ठेवली आहे, तो. आपल्या राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के राखीव जागा आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. हे चांगलेच आहे. अशा जागांनी कितीतरी गरीब घरे उभी राहिली. पण त्यामुळे त्या मुलाच्या दृष्टीने फळ म्हणजे काही कल्पना नाही. फळ म्हणजे नोकरी आहे, बहिणीचे शिक्षण आहे, फेडायचे कर्ज आहे. त्यातही शर्यत दुसऱ्या महाविद्यालयाशी लागण्याआधी ती आपल्याच सवंगड्यांशी लागते. होडीत जागा आठ, मुले बारा. जमिनीवरच्या यंत्रावर वल्हवायचे, यंत्र आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावरून कुणाची जागा राहिली ते ठरते. काल ज्याच्या ताटात जेवला त्याचाच आकडा आज कमी यावा, असे मनात येऊन जाते, आणि माळकऱ्याच्या मुलाला त्या विचाराची वेगळी टोचणी लागते. अशा मुलाला आपण घरून फोन करतो, "टेन्शन घेऊ नकोस हां, पण यंदा मेडल पाहिजे." 'पण' च्या आधीचे सगळे त्याला ऐकू येत नाही.

अहंकार सोड म्हणणे सोपे. त्या पोराचा अहंकार त्याने एकट्याने कमावलेला नाही. पहिले पदक आले तेव्हा गावच्या वेशीवर फलक कुणी लावला? ढोल कुणी वाजवले? तो 'मी' आपण शेंदूर लावून चौथऱ्यावर बसवला, आणि आता त्याला सांगतो की तू विरक्त हो. मुलाकडून फलत्याग हवा असेल तर आधी आजोबांनी, बापाने, महाविद्यालयाने आपापल्या वाटणीचे फळ सोडावे. ते न करता दिलेला उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली माळ.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. पाण्यासाठी कायम डोळे लावून बसणारा तो भाग. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. वडील गेले, तो लष्करात भरती झाला, आणि तिथे त्याच्या हातात वल्हे आले. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तो तेरावा आला. घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. २०१८ साली आशियाई स्पर्धा झाल्या, नौकानयन पालेमबांगला होते. एकट्याच्या होडीच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी प्रकृतीने दगा दिला आणि तो सहा जणांत शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच्या मनात त्या रात्री काय होते हे त्याचे त्याला माहीत. मी त्याच्या तोंडी उपदेश घालणार नाही. मला एवढेच दिसते, की "कितवा आलास?" या प्रश्नाला एका दिवशी 'शेवटचा' हे उत्तर होते आणि दुसऱ्या दिवशी 'पहिला'. मधे एक रात्र गेली होती. माणूस तोच, हात तेच. त्या रात्री त्याची किंमत आपण काय धरली असती?

नामाविषयीही एक शंका येते. शर्यतीत नाम घेतले तर चालेल का? चालेल काय, घ्यावेच. श्वास आणि वल्हे एका लयीत असतातच, त्या लयीवर नाम सहज बसते, आणि मन पुढच्या रेषेकडे किंवा मागच्या लोकांकडे न धावता हातातल्या ओढीवर राहते. पण नाम घेतो म्हणून जिंकव, असे म्हटले की तो नवस झाला. शेजारच्या होडीतल्या पोराच्या गळ्यातही तुळशीची माळ असेल, तर विठोबाने काय करावे? कटेवर हात ठेवून उभा आहे, तो बहुधा अशाच मागण्यांमुळे. शिवाय जिंकायची इच्छा असणे हे पाप नव्हे. संतांनी फुगडी, हमामा, विटीदांडूचे अभंग लिहिले, ते खेळात कुणी जीव ओतत नाही असे समजून लिहिलेले नाहीत. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराच्या अश्वाला गाठायला धावतो तेव्हा आपण सगळे श्वास रोखून पाहतोच. शर्यत संपली की टापांखालची माती कपाळाला लावतो, आणि ती कुठल्या घोड्याची हे कुणी विचारत नाही.

आळंदीहून निघणाऱ्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. दिंड्या जमतात, चोपदार दंड उंच करतात, आणि एवढा मोठा टाळांचा गजर क्षणात थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. त्यावर कुणी तिला बेशिस्त म्हणत नाही. तिच्यापाशी जातात, काय झाले विचारतात, निवाडा होतो, मग आरती. इतक्या वर्षांची ही रीत आहे. शिस्त जितकी कडक, तितकीच तक्रारीला जागा. त्या मुलाची गार पडलेली बोटे, पहाटेचे उमासे, हे त्याचे वाजत राहिलेले टाळ आहेत. घरातल्या कुणीतरी, प्रशिक्षकाने, आणि गरज पडली तर मनाच्या डॉक्टरने जवळ जाऊन विचारावे लागेल. डॉक्टरकडे जाणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याच सोळाव्या अध्यायातला माउलींचा तिसरा दृष्टांत पाहावा. तो पथ्याचा आहे.

जाता जाता नदीविषयी. मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा पंढरीत येऊन चंद्रभागा होते. त्या मुलाला हे भूगोलात शिकवलेले होते, पण आपण रोज पहाटे त्याच पाण्यात वल्हे मारतो हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पाणी फार घाण असते हो महाराज, जलपर्णी माजते, असे तो म्हणाला. तेही खरेच आहे, आणि त्याचा हिशेब वेगळ्या लेखात करावा लागेल.

त्याची एक लहान शंका राहिली. पुढची स्पर्धा एकादशीला येते आहे, उपास करायचा की नाही? मी सांगितले, उपास सोडू नकोस आणि उपाशीही राहू नकोस. रताळे, दूध, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. आदल्या रात्रीपासून थोडे थोडे खा, पाणी भरपूर पी, आणि तुझ्या प्रशिक्षकाला आधी सांगून ठेव. आजोबांना हे पटलेले नाही. ते निर्जळी करतात. मी म्हटले, तुम्हाला त्या दिवशी वल्हवायचे नाही. रताळी मात्र तुम्हीच उकडून डब्यात घालून द्या.